सात रविवार कॉर्नवॉलच्या माणसांसोबत : सोलापुरातील एका व्याख्यानवर्गाचे परीक्षण

गड्ड्याची जत्रा आटोपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सुरू झालेला आणि होळीच्या आधीच्या रविवारी संपलेला एक व्याख्यानवर्ग मी यंदा एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला कॉर्नवॉल नावाचा जो चिंचोळा प्रदेश आहे, तेथील नामवंत माणसे हा या वर्गाचा विषय होता. वर्ग घेणारे सर भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक आहेत आणि मुलाच्या नोकरीमुळे काही काळ त्या भागात राहून आले आहेत. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा अशी वेळ, नवी पेठेजवळचे एक लहान सभागृह, ९०० रुपये शुल्क, त्यात छापील टिपणे आणि मधल्या सुट्टीतला चहा, अशी एकूण व्यवस्था होती. वर्गाला जाते असे सांगितल्यावर ओळखीच्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, की सोलापूरच्या माणसाला कॉर्नवॉलचे काय करायचे आहे. पुढच्या खेपेस नाव नोंदवावे की नाही, अशा विचारात असलेल्यांच्या मनातही हाच प्रश्न असणार, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील येथल्या एका कापड गिरणीत बॉयलरवर फायरमन होते. शाळा सुटल्यावर त्यांचा डबा घेऊन मी गेटपर्यंत जात असे आणि ओळखीचा पहारेकरी असला म्हणजे बॉयलरखान्याच्या दारापर्यंतही पोहोचत असे. सुताच्या बोळ्याने पाण्याची काच पुसत उभे असलेले वडील मला अजून दिसतात. ‘ही काच आणि वरचा काटा, यांच्यावरून नजर हलली की संपलं,’ असे ते म्हणत. भट्टीच्या माथ्यावर शिशाचा एक प्लग असतो, पाणी कमी पडले तर तो वितळतो आणि वाफ खाली आगीवर येऊन माणसांना सावध करते, हेही त्यांनीच सांगितलेले. तो प्लग कोणाच्या डोक्यातून निघाला, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही साठी उलटेपर्यंत नव्हते. दुसऱ्या रविवारी ते कळले आणि माझ्यापुरते शुल्क तेथेच वसूल झाले.

तो माणूस म्हणजे रिचर्ड ट्रेविथिक. १७७१ साली कॅम्बोर्नजवळच्या खाणपट्ट्यात जन्मलेला हा धिप्पाड इंजिनीयर बेताचेच शिकलेला होता. पण खाणीतले पाणी उपसणारी इंजिने लहानपणापासून त्याच्या डोळ्यांसमोर चालत होती. कॉर्नवॉलमध्ये कथील आणि तांबे भरपूर, पण कोळसा नाही. तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे, त्यामुळे प्रत्येक टोपलीचा हिशेब होता. जेम्स वॉटची इंजिने जवळजवळ हवेच्याच दाबाच्या वाफेवर चालत आणि त्यांना थंड पाण्याने वाफ निववणारे अवजड कंडेन्सर लागत. वाफेचा दाब कितीतरी पटींनी वाढवून, काम झाल्यावर ती सरळ हवेत सोडून दिली तर इंजिन लहान होईल आणि चाकांवरही चढवता येईल, हा ट्रेविथिकचा धाडसी विचार होता. वाफ अशी सोडून दिल्याने नुकसान किती, हे त्याने डेव्हीस गिडी या गणित जाणणाऱ्या मित्राला विचारले आणि फक्त एका वातावरणाच्या दाबाइतके, असे उत्तर मिळताच तो कामाला लागला. २४ डिसेंबर १८०१ रोजी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, त्याची वाफेची गाडी माणसे घेऊन कॅम्बोर्नची चढण चढली. काही दिवसांतच ती बिघडली, तेव्हा मंडळी तिला आडोशाला लावून खानावळीत जेवायला बसली. आग विझवायचे राहून गेले, पाणी आटले आणि गाडी जळून गेली. सरांनी हा प्रसंग सांगितला तेव्हा सभागृहात हशा पिकला. मला हसू आले नाही, कारण आटलेले पाणी आणि पेटलेली भट्टी हे आमच्या घरातले सर्वांत मोठे भय होते.

१८०३ साली लंडनजवळ ग्रिनिच येथे त्याचे एक इंजिन फुटले आणि माणसे मेली. उच्च दाबाच्या वाफेला विरोध करणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले. ट्रेविथिक फाशी देण्याच्या लायकीचा आहे असे वॉट म्हणाला होता, हे खुद्द ट्रेविथिकनेच एका पत्रात लिहून ठेवले आहे. या अपघातानंतर त्याने बॉयलरला दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शिशाचा तो वितळणारा प्लग बसवण्याची पद्धत घातली. सरांनी फळ्यावर बॉयलरचा आडवा छेद काढून प्लगची जागा लाल खडूने दाखवली. ती खूण बरोबर तेथेच होती, जेथे वडिलांनी मला जमिनीवर काडीने रेघ ओढून दाखवली होती. पुढे १८१२ च्या सुमारास त्याने पोटातून एकच आगीची नळी जाणारा लांबट बॉयलर तयार केला, तो कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलचा, बॉयलर. आणि त्याच घडणीत दोन नळ्या घालून १८४४ मध्ये लँकेशायर बॉयलर निघाला, ज्याने पुढे जगभरातल्या कापड गिरण्या चालवल्या. गिरण्यांच्या शहरात बसून हे ऐकताना विषय परका वाटणे शक्यच नव्हते.

२१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधल्या पेनिडॅरन येथे त्याच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे रुळांवरून नऊ मैलांहून अधिक अंतर ओढून नेली. इंजिन टिकले, बिडाचे रूळ मात्र त्याच्या वजनाने मोडत राहिले. सोलापूरला आगगाडी आली १८६० साली, म्हणजे त्यानंतर ५६ वर्षांनी. पेरूच्या चांदीच्या खाणींत नशीब काढायला गेलेला ट्रेविथिक कफल्लक होऊन परत निघाला, तेव्हा कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात त्याला पुढे रेल्वे इंजिनीयर म्हणून गाजलेला तरुण रॉबर्ट स्टीफन्सन भेटला आणि घरी पोहोचण्यासाठी त्यानेच ५० पौंड दिले. १८३३ मध्ये डार्टफर्ड येथे तो वारला. अंत्यविधीचा खर्च कारखान्यातल्या सोबत्यांनी केला आणि त्याच्या थडग्यावर नावही लागले नाही. हा भाग सरांनी आवाज न चढवता, कसलीही शेरेबाजी न करता सांगितला, त्याबद्दल त्यांचे मला कौतुक वाटते.

तिसरा रविवार रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीचा होता आणि प्रयोगाच्या दृष्टीने तो सर्वांत चांगला झाला. टेबलावर गॅसची लहान शेगडी होती आणि शेजारी बोहारणीकडून घेतल्यासारखी दिसणारी, बारीक जाळीची मैद्याची चाळणी. सरांनी शेगडी न पेटवता फक्त गॅस सोडला, चाळणी बर्नरच्या दोन बोटे वर धरली आणि काडी चाळणीच्या वरच्या बाजूला नेली. ज्योत वर पेटली आणि जाळीवरच थांबली. खालून येणारा गॅस तसाच, न पेटता. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने खाली वाकून खात्री करून घेतली. तार उष्णता पसरवून टाकते, त्यामुळे जाळीच्या खालचा वायू पेटण्याइतका तापतच नाही, एवढे स्पष्टीकरण पुरेसे होते. हे तत्त्व वापरून डेव्हीने १८१५ साली कोळसा खाणीतला सुरक्षा दिवा केला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. (हा प्रयोग घरी कोणी करू नये, हे सरांनी दोनदा बजावले, तेही योग्यच.)

याच तासात एक बारकावा सांगितला गेला, जो मी याआधी कोठे वाचला नव्हता. डेव्ही कॉर्नवॉलचा, पेन्झान्सचा, १७७८ चा. पण त्याचा दिवा कॉर्नवॉलच्या खाणींसाठी नव्हता. कोळशाच्या खाणीत साचतो तसा पेट घेणारा वायू कथील आणि तांब्याच्या खाणींत सहसा नसतोच. दिव्याची गरज होती ती ईशान्य इंग्लंडच्या कोळसा खाणींना, जेथे १८१२ मध्ये फेलिंग येथे एकाच स्फोटात ९२ जण मेले होते. आणि दिवा आल्यावर मालकांनी पूर्वी धोक्याच्या म्हणून सोडलेल्या जागांतही माणसे उतरवायला सुरुवात केली, त्यामुळे अपघात थांबले नाहीत. उपकरण चांगले असले तरी ते कोणाच्या हाती जाते याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, हे सरांनी टाळले नाही. सोडियम आणि पोटॅशियम हे धातू १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने वेगळे करणे, त्या आनंदात प्रयोगशाळेत नाचणे, मायकेल फॅरडेला हाताशी घेणे, हे सारे त्यानंतर पंधरा मिनिटांत उरकले. ते पाठ्यपुस्तकांत सापडते, त्यामुळे माझी तक्रार नाही.

कॉर्नवॉलच्या खाणकामगाराचा खरा शत्रू होता सुरुंगाची दारू. भोकात दारू ठासायची आणि गवताच्या काडीत किंवा पिसाच्या नळीत भरलेली वात पेटवून पळायचे. वात कधी लवकर जळे, कधी विझली असे वाटून माणूस जवळ जाई आणि मग उडे. टकिंगमिल येथे राहणाऱ्या विल्यम बिकफर्डने दोर वळणाऱ्याचे काम पाहता पाहता तागाच्या धाग्यांच्या पिळात दारूची बारीक धार सोडण्याची युक्ती काढली आणि १८३१ मध्ये सुरक्षित वातीचे पेटंट घेतले. एक फूट वात जळायला साधारण तीस सेकंद, म्हणजे किती लांब वात कापायची हे माणसाला आधी ठरवता येऊ लागले. येथे मागच्या रांगेतून मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी उठले आणि विहीर खणताना वडार मंडळी वात कशी मोजून कापतात, पेटवल्यावर ‘सुरुंग आहे, सरका’ अशी आरोळी कशी देतात, हे त्यांनी सांगितले. सरांनी त्यांना पुढे बोलावून फळ्याशी उभे केले आणि पाच मिनिटे स्वतः खाली बसले. वक्त्याने आपली खुर्ची अशी सहज दुसऱ्याला द्यावी, हे आपल्याकडच्या व्याख्यानांत क्वचितच दिसते. बिकफर्डचा जन्म मात्र शेजारच्या डेव्हन परगण्यातला. त्याला कॉर्निश म्हणायचे का, असा प्रश्न एकाने काढला. तो राहिला, त्याने कमावले आणि तो गेला ते कॉर्नवॉलमध्येच, म्हणून मी त्याला यादीत ठेवतो, असे सर म्हणाले, आणि मला ते पटले. येथे पूर्व भागात आलेली पद्मशाली घराणी काही पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आली, म्हणून त्यांना कोणी सोलापूरकर म्हणायचे थांबत नाही.

ज्या तासात सभागृहातल्या कोणाच्या तरी हाताला ओळखीची वस्तू लागली, तो तास उभा राहिला. बॉयलर, चाळणी, वात यांनी ते काम केले. ज्या तासात केवळ नावे आणि साले होती, तो बसला. चौथ्या रविवारी दोन तासांत आठ माणसे कोंबली होती. त्यात चित्रकार जॉन ओपी होता, नायजर नदीचा शोध घेणारा ट्रूरोचा रिचर्ड लँडर होता, भारतात येऊन हिंदुस्थानीत आणि फारसीत नव्या कराराचे भाषांतर करणारा आणि १८१२ मध्ये तुर्कस्तानात तोकात येथे एकतिसाव्या वर्षी वारलेला हेन्री मार्टिन होता, आणि हेल्स्टनमध्ये जन्मून न्यूझीलंडमध्ये लोहारकाम करता करता मुष्टियोद्धा झालेला, तीन वजनगटांत जगज्जेता ठरलेला बॉब फिट्झसिमन्सही होता. प्रत्येकाच्या वाट्याला बारा-पंधरा मिनिटे आली आणि घरी जाताना मला कोणाचाच चेहरा आठवेना. हेन्री मार्टिनसाठी तरी एक पूर्ण तास हवा होता. दानापूर आणि कानपूर येथे मुनशींच्या मदतीने केलेले त्याचे भाषांतराचे काम आपल्या वाचकाला जवळचे आहे.

त्या गर्दीत मेरी ब्रायंट मात्र लक्षात राहिली. फॉयच्या मच्छीमार घरातली ही मुलगी चोरीच्या गुन्ह्यासाठी ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडली गेली. तेथे लग्न झाले, आणि २८ मार्च १७९१ रोजी नवरा, दोन मुले आणि सात कैदी यांच्यासह तिने गव्हर्नरच्या उघड्या होडीतून सिडनीहून पलायन केले. ६६ दिवसांत पाच हजार किलोमीटरहून अधिक समुद्र कापून ही मंडळी तिमोर बेटावर पोहोचली. पुढे पकडल्या गेल्यावर परतीच्या वाटेत नवरा आणि दोन्ही मुले गेली. १७९३ मध्ये तिला माफी मिळाली ती जेम्स बॉझवेल या लेखकाच्या खटपटीने, आणि गावी परतलेल्या तिला तो दरसाल दहा पौंड देत राहिला.

पाचव्या रविवारचा अर्धा वेळ जॉन काउच ॲडम्सला दिला होता आणि येथे मला सरांशी स्पष्ट मतभेद नोंदवायचा आहे. लाँस्टनजवळच्या कूळवहिवाटीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा गणिताच्या बळावर केंब्रिजला गेला आणि युरेनसची कक्षा वाकडी का जाते, या कोड्यावरून त्याने न दिसलेल्या ग्रहाची जागा १८४५ मध्ये काढली, हे खरे. पण इंग्रज अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केले म्हणून नेपच्यूनचे श्रेय फ्रेंचांनी पळवले, अशा थाटात तो तास रंगवला गेला. वस्तुतः ॲडम्सने आपले गणित प्रसिद्ध केले नव्हते आणि त्याची उत्तरे वेळोवेळी बदलत होती. फ्रेंच गणिती ल व्हेरिये याने आपले गणित छापले, बर्लिनच्या वेधशाळेतल्या गालेला पत्र लिहिले, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री त्याने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत ग्रह सापडला. प्रदेशाचा अभिमान असावा, पण गणिताच्या वहीत तो मिसळू नये, असे मी चहाच्या वेळी सरांना म्हटले. ॲडम्सने स्वतः या वादात कधी कटुता आणली नाही आणि १८४७ मध्ये देऊ केलेली ‘सर’ ही पदवीही नाकारली. हे सांगितले असते तर माणूस अधिक उंच दिसला असता.

असाच एक धागा डेव्हीस गिडीच्या बाबतीत सुटला. ट्रेविथिकला गणिताचे उत्तर देणारा तो हाच आणि पेन्झान्सच्या औषधी दुकानातल्या पोरगेल्या डेव्हीला हेरून ब्रिस्टलला पाठवणाराही हाच. गिलबर्ट हे आडनाव घेतल्यावर तो डेव्हीनंतर रॉयल सोसायटीचा अध्यक्षही झाला. सरांनी त्याला गुणग्राहकतेचा आदर्श म्हणून उभे केले. परंतु १८०७ साली गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा काढण्याचे विधेयक पार्लमेंटात आले तेव्हा, शिक्षणाने कष्टकरी वर्ग बिघडेल आणि उद्दाम होईल, असे भाषण करणाराही हाच गृहस्थ होता. ज्या महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तेथे बसून हे न सांगता गिडीचे गुणगान करणे मला अपुरे वाटले. दोन हुशार तरुणांना हात देणारा माणूस त्यांच्यासारख्याच हजारोंना दार बंद करू पाहत होता. माणसे अशी एकसंध नसतात आणि वर्गाने ते दाखवायला हवे होते.

सहाव्या रविवारी सरांनी सुरुवातीलाच सांगितले, की आज दोन फाशी गेलेल्या माणसांची गोष्ट आहे. स्कॉटलंडशी युद्ध करण्यासाठी राजा सातव्या हेन्रीने लादलेल्या कराविरुद्ध १४९७ मध्ये कॉर्नवॉलचे लोक उठले. पुढारी दोघे होते, सेंट केव्हर्नचा लोहार मायकेल जोसेफ आणि बॉडमिनचा वकील थॉमस फ्लामँक. लोहाराला कॉर्निश भाषेत ‘ॲन गॉफ’ म्हणतात आणि इतिहासात तो त्याच नावाने राहिला. हजारो माणसे घेऊन ते पायी लंडनच्या वेशीपर्यंत गेले, १७ जूनला ब्लॅकहीथ येथे हरले आणि दहा दिवसांनी टायबर्न येथे त्यांना मारण्यात आले. आपले नाव कायम राहील आणि कीर्ती अमर होईल, असे ॲन गॉफ जाताना म्हणाल्याचे परंपरा सांगते. सभागृहात एकदम शांतता पसरली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्या पुतळ्यांवरून आम्ही बहुतेक जण त्या सकाळी आलो होतो. सरांनी तुलना केली नाही, कोणी बोललेही नाही. त्याची गरज नव्हती.

त्याच दिवशी भाषेचाही विषय आला, पण घड्याळ पाहत. माउझल गावात मासे विकणारी डॉली पेंट्रीथ १७७७ मध्ये वारली. कॉर्निश जन्मभाषा असलेली शेवटची व्यक्ती म्हणून तिचे नाव सांगतात, आणि १८६० मध्ये तिच्यासाठी स्मारकशिलाही उभारली गेली. तिच्यानंतरही थोडीफार भाषा जाणणारे होतेच. हेन्री जेनरने १९०४ मध्ये कॉर्निशचे शिकण्याजोगे पुस्तक काढले आणि मरून गेलेली म्हणवली जाणारी भाषा पुन्हा बोलली जाऊ लागली. ब्रिटिश सरकारने २००२ मध्ये तिला मान्यता दिली आणि २०१४ मध्ये कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक मानले. हे सगळे वीस मिनिटांत संपले, याचे मला वाईट वाटले. ज्या शहरात एकाच बोळात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते, जेथे घरात तेलुगू बोलणारी मुले शाळेत मराठी आणि दुकानात हिंदी बोलून संध्याकाळी आजीला उत्तर देताना अडखळतात, तेथे या विषयाला एक पूर्ण रविवार कमीच पडला असता. शिवाय कॉर्नवॉल हा इंग्लंडचा ‘जिल्हा’ असे पहिल्या दिवशी सांगून हे लोक स्वतःला वेगळे का मानतात, ते सहाव्या दिवशी सांगणे ही मांडणीतली मोठी चूक आहे. पहिल्याच दिवशी नकाशा आणि भाषा यायला हव्यात.

शेवटचा रविवार एमिली हॉबहाउसचा होता आणि त्यावर मला सर्वांत अधिक लिहायचे आहे. १८६० मध्ये सेंट ईव्ह या खेड्यात पाद्र्याच्या घरी जन्मलेली ही बाई वडिलांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे पस्तिसाव्या वर्षापर्यंत, घरातच होती. त्यानंतर ती अमेरिकेत मिनेसोटाला, खाणीत कामाला गेलेल्या कॉर्निश मजुरांमध्ये काम करायला गेली. तांब्याचे भाव १८६६ मध्ये कोसळल्यानंतर ही माणसे जगभर पांगली होती. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणींतही ती आली. १९०० च्या अखेरीस एमिली दक्षिण आफ्रिकेला पोहोचली, कारण तेथल्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या, शेतकऱ्यांशी चाललेल्या युद्धात इंग्रज लष्कराने शेते जाळून बायका-मुलांना तंबूंच्या छावण्यांत कोंडले आहे, असे तिने ऐकले होते. तेथे तिने पाहिले ते असे, की साबण नाही, पाणी पुरेसे नाही, एका तंबूत दहा-बारा जण, आणि लहान मुले गोवराने व हगवणीने मरत आहेत. १९०१ च्या जूनमध्ये तिने आपला अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध बोलल्याबद्दल तिची निर्भर्त्सना झाली आणि ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा केपटाउनला गेली तेव्हा तिला उतरूही न देता परत पाठवण्यात आले. त्या छावण्यांत २६,००० हून अधिक बोअर बायका-मुले मेली, त्यांत बहुसंख्य मुले होती. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या आणि तेथेही हजारोंनी माणसे मेली. या दुसऱ्या आकड्याचा उल्लेख टिपणात नाही, तो पुढच्या आवृत्तीत यावा.

युद्ध संपल्यावर ती परत गेली, आणि या वेळी बरोबर माग घेऊन. १९०५ मध्ये फिलिपोलिस या गावात तिने मुलींसाठी सूतकताई आणि विणकामाची शाळा काढली, मग जोहान्सबर्गजवळ लांगलाग्ते येथे आणखी एक. जळालेल्या शेतांवरच्या कुटुंबांना मेंढ्यांच्या लोकरीतून चार पैसे मिळावेत, हा हेतू होता. येथे तिसऱ्या रांगेतून पूर्व भागातल्या एका वयस्कर बाईंनी हात वर केला. त्यांचे आयुष्य हातमागावर आणि नंतर पॉवरलूमच्या कांड्या भरण्यात गेले आहे, हे आम्हाला चहाच्या वेळी कळले होते. त्यांनी विचारले, ‘सर, बाईंनी माग दिले, शिकवलं, ते खरं. पण ते कापड घेत होतं कोण? आणि गिरणीचा माल स्वस्त आल्यावर त्या पोरींचं काय झालं?’ सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘आजी, हे मला माहीत नाही. शोधून सांगतो.’ त्यांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. सात रविवारांतला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता.

१९१४ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचा लढा ऐन भरात असताना याच एमिलीने तेथल्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांना पत्र लिहून गांधीजींशी बोलणी करण्याचा आग्रह धरला, आणि १९२६ मध्ये ती वारली तेव्हा गांधीजींनी ‘यंग इंडिया’त तिच्यावर लिहिले. तिच्या अस्थी ब्लूमफाँटेनच्या महिला स्मारकात आहेत. मायदेशात उपेक्षा आणि परक्या भूमीत स्मारक, हे वाचून सोलापूरकराला भैय्या चौकातले डॉ. कोटणीसांचे घर आठवणारच, जरी कोटणीसांना आपण विसरलेलो नाही. टिपणात एक ठळक चूक आहे, ती येथे सांगते. एमिलीचा जन्म सेंट ईव्हचा आहे, तेथे ‘सेंट आइव्ह्ज’ छापले आहे. हे दुसरे गाव समुद्रकाठचे, वेगळे; तेथे १९२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या लोकांनी अडीच-अडीच शिलिंगांची वर्गणी गोळा करून तिच्यासाठी घर घेऊन दिले. गोंधळ समजण्यासारखा आहे, पण छापील मजकुरात तो नको.

राहता राहिली व्यवस्था. ध्वनिक्षेपक पहिले दोन रविवार खरखरत होता, नंतर सरांनी तो बंदच केला आणि ते बरे झाले. टिपणांची छपाई सुवाच्य आहे, परदेशी नावांचे उच्चार देवनागरीत नीट दिले आहेत. शेवटच्या रविवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. खाणीत नेण्यासाठी केलेल्या, सारण भरून भाजलेल्या कॉर्निश पेस्टीशी या टिकाऊ शिदोरीचे नाते सरांनी छान जोडले. फेब्रुवारीच्या अखेरीस पत्र्याच्या छताखाली साडेदहानंतर बसवत नव्हते, त्यामुळे पुढचा वर्ग दिवाळीनंतर लगेच ठेवावा. ९०० रुपये मला जास्त वाटले नाहीत, मात्र हातमाग आणि पॉवरलूम कामगारांसाठी व विद्यार्थ्यांसाठी निम्मे शुल्क ठेवावे, असे मी सुचवले आहे. चौथ्या रविवारची आठ माणसे तीनवर आणावीत, भाषेला स्वतंत्र दिवस द्यावा, ॲडम्सचा तास पुन्हा लिहून काढावा. एवढे झाले तर हा वर्ग मी कोणालाही बेलाशक सुचवीन. आहे तसाही, ट्रेविथिक, डेव्ही आणि एमिली यांच्या तीन रविवारांसाठी तो सुचवते. दिवाळीनंतर मी पुन्हा नाव नोंदवणार आहे. तिसऱ्या रांगेतल्या त्या आजीही येणार आहेत, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळायचे आहे.